विजापूरची सफर आणि छत्तीस फोटो

सोलापूरहून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाआधी माणूस गोल घुमटाच्या बागेत पोहोचतो. २०१४ पासून शहराचं सरकारी नाव विजयपुरा झालं आहे, पण सोलापूरच्या एसटी स्टँडवर अजून सगळे विजापूरच म्हणतात. इतक्या जवळ असूनही आपल्यातल्या किती घरांनी हे शहर निवांतपणे पाहिलं आहे? बहुतेकांनी शाळेच्या सहलीत एकदा धावत पाहिलं, घुमटात ओरडून प्रतिध्वनी ऐकला आणि परत आले.

खरं तर विजापूर आपल्या भाषांचंही शहर आहे. आदिलशाहीच्या महसुली कारभारात मराठी चालत होती. दुसरा इब्राहीम आदिलशहा स्वतः संगीताचा जाणकार होता, त्याने ‘किताब-ए-नवरस’ दखनीत लिहिली. आमच्या घरात दखनी, शाळेत उर्दू आणि मराठी, म्हणजे ही सारी मिरास आमच्या जिभेवरच आहे. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत दोन दिवसांचा बेत ठरवला. आम्ही दोघे, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अम्मी. बरोबर एक छोटा, जुना, रोलचा कॅमेरा होता. या लेखात सफरीइतकंच त्या कॅमेऱ्याबद्दल सांगायचं आहे, कारण परत आल्यापासून नातेवाईक आणि शाळेतले सहकारी त्याचीच चौकशी करत आहेत.

फोन असताना रोल कशाला?

हा प्रश्न आधी घरातच निघाला. फोनमध्ये हजार फोटो फुकट निघतात, मग छत्तीस फोटोंसाठी पैसे का मोजायचे?

पहिलं कारण टिकाऊपणाचं. दोन वर्षांपूर्वी घरातला एक फोन एका रात्रीत बंद पडला. दुरुस्तीवाल्याने चार दिवस ठेवून घेतला आणि शेवटी हात टेकले. अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटो त्यातच होते. आणि त्याच घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, १९७८ सालचा एक चौकोनी काळा-पांढरा फोटो जसाच्या तसा आहे. अब्बा तेव्हा सोलापुरात गिरणीत कामाला होते. खात्यातल्या सोबत्यांबरोबर ते विजापूरला गेले होते. कोणाच्या तरी आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्यात, एका रोलमधल्या बारा फोटोंपैकी हा एक. गोल घुमटासमोर अब्बा उभे आहेत, हात मागे बांधलेले, पायात नवी चप्पल. अम्मी तेव्हा बरोबर नव्हत्या. थोरली मुलगी पाळण्यात होती. “एकदा ती जागा बघायची आहे,” असं त्या किती वर्षं म्हणत होत्या.

दुसरं कारण खासगीपणाचं. आपल्या घरांतल्या अनेक बायका फोटो म्हटलं की तोंड फिरवतात, आणि ते अगदी योग्य आहे. फोनवर काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर, रात्री भाच्याच्या स्टेटसवर आणि सकाळी कुठे, ते अल्लाहच जाणे. अम्मींनी फोनसमोर बसायचं केव्हाच सोडलं आहे. रोलचा कॅमेरा दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, “ये कागजपे आता ना?” हो म्हटल्यावर त्या राजी झाल्या.

माणसांची तसवीर काढण्याबद्दल आपल्याकडे मतं वेगवेगळी आहेत आणि त्या वादात शिरण्याचं हे ठिकाण नाही. पण ज्या घरांना माणसांचे फोटो नको असतात, त्यांनाही कमानी, जाळ्या, दगडात कोरलेली अक्षरं पाहायला आणि जपायला आवडतातच. विजापुरात त्यांची काही कमी नाही.

तिसरं कारण मुलांचं. छत्तीसच फोटो आहेत म्हटल्यावर मूल आधी बघतं आणि मग बटण दाबतं. शिक्षक म्हणून आम्हाला हे कारण सगळ्यात मोलाचं वाटतं.

निवड कशी केली

अटी साध्या होत्या. कोटाच्या खिशात किंवा पर्समध्ये मावला पाहिजे, मुलांना वापरता आला पाहिजे आणि सहा हजारांच्या वर खर्च नको.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे नवे प्लास्टिकचे कॅमेरे, उदाहरणार्थ कोडॅक एम-३५. वजन अगदी कमी, रोल पुन्हा पुन्हा भरता येतो, फ्लॅशही आहे. पण त्याच्या भिंगाचं तोंड एफ/१० वर आणि वेग सेकंदाच्या १/१२० वर कायमचा बांधलेला. भर उन्हात फोटो छान येतात. सावलीत किंवा घुमटाच्या आत मात्र फ्लॅश पोहोचेल तेवढंच दिसतं, आणि असल्या छोट्या फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरपलीकडे फारसा जात नाही. याचाच भाऊ कोडॅक एक्टार एच-३५. तो प्रत्येक फोटोसाठी अर्धीच चौकट वापरतो, त्यामुळे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो निघतात. पैसे वाचवायचे असतील आणि उन्हातलंच फिरणं असेल तर तो वाईट नाही.

दुसरा गट नव्वदच्या दशकातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचा. बटण दाबलं की फोकस, रोल पुढे सरकणं, फ्लॅश, सगळं आपोआप. असे कॅमेरे अजून अनेक घरांच्या कपाटांत पडलेले आहेत, म्हणून काही विकत घेण्याआधी मामा-चाचांकडे एकदा जरूर विचारावं. अडचण एवढीच की आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं की सुटे भाग मिळत नाहीत.

तिसरा गट मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यांचा. पेंटॅक्स के-१००० सारखा कॅमेरा शिकायला उत्तम, पण गळ्यात दगड बांधल्यासारखं होतं. सफरीसाठी आम्ही तो बाजूला ठेवला.

शेवटी दोन कॅमेऱ्यांमध्ये निवड उरली आणि दोन्ही ऑलिंपसचे. एक्सए-२ हा १९८० चा. हातात साबणाच्या वडीसारखा मावतो, पुढचं झाकण सरकवलं की तयार. मंद उजेडात त्याचं पडदं दोन सेकंदांपर्यंत उघडं राहतं. मात्र त्याला बटणासारख्या दोन छोट्या बॅटऱ्या लागतात आणि त्या संपल्या की काम थांबलं. दुसरा ट्रिप-३५, १९६७ ते १९८४ अशी सतरा वर्षं निघत राहिलेला. तो जरा जड आहे, पण त्याला बॅटरी लागतच नाही. भिंगाभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी जी काच दिसते, तिच्यामागे सेलेनियमचा पट्टा असतो. उजेड पडला की त्यातून किंचित वीज तयार होते आणि तीच भिंगाचं तोंड किती उघडायचं ते ठरवते. उजेड कमी असेल तर डोळा लावायच्या खिडकीत लाल जीभ वर येते आणि कॅमेरा फोटो काढायला नकार देतो. अंतरासाठी चार चित्रं आहेत: एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर. सातवीतल्या मुलाला पाच मिनिटांत समजलं. आम्ही ट्रिप-३५ घेतला.

जुना कॅमेरा घेताना काय पाहावं

मुंबईत भेंडीबाजाराजवळची मटन स्ट्रीट, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, अशा ठिकाणी जुने कॅमेरे दिसतात. शोभेची वस्तू म्हणून विकला जाणारा आणि चालणारा यातला फरक ओळखता आला पाहिजे. आम्ही या गोष्टी तपासल्या.

मागचं दार उघडून भिंगातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत ती हमखास धरते. असा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

ट्रिप-३५ असेल तर त्या पोळ्यासारख्या काचेवर तळहात ठेवून बटण दाबावं. लाल जीभ वर आली पाहिजे आणि खटका बसता कामा नये. मग कॅमेरा उन्हाकडे धरून समोरून भिंगात पाहत बटण दाबावं, भोक बारीक झालं पाहिजे. सावलीकडे धरल्यावर मोठं झालं पाहिजे. तसं होत नसेल तर सेलेनियम थकलं आहे असं समजावं.

मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम पाहावा. वर्षानुवर्षांनी तो डांबरासारखा चिकट होतो आणि उजेड आत शिरतो. हा दोष किरकोळ आहे. काळी लोकर किंवा नवी पट्टी लावून घरीच दुरुस्त होतो.

आणि रोल भरल्यावरची एक खूण. पुढचा फोटो घेण्यासाठी चाक फिरवताना डावीकडची गुंडाळायची कळ उलटी फिरताना दिसली पाहिजे. ती फिरत असेल तर रोल नीट धरला आहे. स्थिर असेल तर छत्तीस वेळा बटण दाबूनही हाती काही येत नाही.

रोल आम्ही काळा-पांढरा घेतला, इलफर्डचा एचपी-५ प्लस, वेग ४००. उजेडाचा अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी हा रोल सांभाळून घेतो. शिवाय ट्रिप-३५ मध्ये ४०० पर्यंतच वेग लावता येतो, म्हणजे आतल्या काळोखासाठी तीच शेवटची मर्यादा.

घुमटाखाली

गोल घुमट म्हणजे मुहंमद आदिलशहाची कबर. त्याचा कारभार १६२७ ते १६५६. बाहेरून घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत एवढ्या अवाढव्य दालनात एकही खांब नाही. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी हा सगळा भार पेलला आहे. चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आणि त्यांतूनच वर जायच्या पायऱ्या.

मुलं वर गेली. अम्मींना शंभरावर पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, त्या खाली ओट्यावर टेकल्या. वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं तर थेट समोरच्या बाजूला ऐकू येतं, आणि एक टाळी कितीतरी वेळा परत येते. मुलाने वरून “दादी!” अशी हाक मारली, ती फिरत फिरत खाली आली. अम्मी वर पाहून हसल्या.

आत ट्रिप-३५ ची लाल जीभ वर आली. अपेक्षितच होतं. अशा वेळी एक उपाय आहे. भिंगाभोवतालचं कडं ‘ए’ वरून काढून २.८ वर आणलं की कॅमेरा नकार देत नाही, वेग १/४० ठरतो. मुलीने कॅमेरा दगडी कठड्यावर टेकवला, श्वास रोखला आणि एक फोटो घेतला. जमीन जवळजवळ काळी आली आहे, पण वरच्या खिडक्यांतून उतरणारा उजेड आणि त्यात उडणारी कबुतरं स्पष्ट आहेत.

बाहेर अडचण उलटी होती. चाळीस मिलिमीटरच्या भिंगात एवढी इमारत जवळून मावत नाही. कॅमेरा वर कलवला तर मनोरे आत झुकल्यासारखे दिसतात. बागेत खूप मागे जावं लागतं. अब्बांचा जुना फोटो आम्ही वहीत घालून नेला होता. मुलीने तो हातात धरून मनोऱ्याचा कोपरा आणि घुमटाची कड जुळवत जागा शोधली. वीस मिनिटं लागली. झाडं वाढली आहेत, वाट बदलली आहे, जागा तंतोतंत तीच असेल असं नाही. अम्मी तिथे उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही. मुलीने दोनदा बटण दाबलं.

टांग्यातून शहर

विजापुरात अजून टांगे आहेत. टांग्यानेच इब्राहीम रौजाला गेलो. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. आपली बेगम ताज सुलताना हिच्यासाठी इब्राहीमने हे काम सुरू केलं आणि नंतर तोही तिथेच दफन झाला. खिडक्यांच्या दगडी जाळ्या पाहा, त्या जाळ्या म्हणजे अक्षरंच आहेत. बाहेरचा उजेड अक्षरांमधून आत येतो. दुपारी तीननंतर ऊन तिरकं झालं की कोरीवकामाची खोली उठून दिसते. काळ्या-पांढऱ्या रोलसाठी हीच वेळ. आमचे नऊ फोटो इथेच संपले.

मलिक-ए-मैदान तोफ शेरझा बुरुजावर आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची. तोंडाशी जबडा वासलेला पशू आहे आणि त्याच्या दातांत हत्ती. तिथून जवळच बारा कमान, दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर. छप्पर नाही, नुसत्या कमानी आकाशाकडे निघालेल्या. मुलाला सगळ्या शहरात हीच जागा आवडली.

या इमारतींची छायाचित्रं निघाली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. १८६६ मध्ये लंडनहून विजापूरच्या वास्तुकलेवर एक मोठा ग्रंथ निघाला. त्यात कर्नल बिग्ज आणि मेजर लॉक यांनी इथे येऊन घेतलेली छायाचित्रं आहेत आणि इतिहास मेडोज टेलर यांनी लिहिला आहे. तेव्हा मोठी लाकडी पेटी, तिकाटणं आणि रसायनांचा पसारा वाहून आणावा लागे. आम्ही तेच काम कोटाच्या खिशातल्या डबीने करत होतो.

जुम्मा मशिदीत मात्र आम्हाला एक गोष्ट शिकायला मिळाली. अंगणात एक वृद्ध गृहस्थ जपमाळ घेऊन उन्हात बसले होते. चेहरा फार सुंदर. मुलीने जवळ जाऊन सलाम केला आणि इजाजत मागितली. ते म्हणाले, “निकालो बेटा. लेकिन मेरेकू भेजना पडता. सब निकालके जाते, कोई नै भेजता.”

हे वाक्य मनात राहिलं. प्रवासात आपण किती लोकांचे चेहरे घेऊन येतो आणि त्यांना काय देतो? फोनवर फोटो काढताना विचारायचीही गरज वाटत नाही. छत्तीसमधला एक खर्च करायचा असेल तर माणूस जवळ जातो, दोन शब्द बोलतो. मुलीने त्यांचा पत्ता वहीत लिहून घेतला, पिनकोडसकट.

खर्च आणि खबरदारी

आता हिशेब. रोल, धुलाई, स्कॅन आणि प्रिंट मिळून आम्हाला एक फोटो चाळीस रुपयांच्या आसपास पडला. स्वस्त नाही. म्हणून वर्षाला दोनच रोल, एक लांबच्या सफरीला आणि एक घरच्या कार्यांना, असं ठरवलं आहे. बाकी फोन आहेच. रस्त्याच्या पाट्या, तिकिटं, वेळापत्रकं यांचे फोटो फोननेच काढावेत.

काळा-पांढरा रोल धुणाऱ्या लॅब थोड्याच आहेत. आम्ही कुरिअरने पाठवला. पाठवताना चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं की यात घरातल्या बायकांचे फोटो आहेत, कुठेही प्रसिद्ध करू नयेत, आणि निगेटिव्ह परत पाठवावी. हल्ली काही लॅब चांगले फोटो आपल्या पानावर टाकतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. निगेटिव्ह परत मागायला तर विसरूच नये. खरा ऐवज तीच आहे, प्रिंट खराब झाली तरी तिच्यावरून पुन्हा निघते.

उन्हाळ्यात रोल गाडीत किंवा खिडकीत ठेवू नये, सोलापूरच्या उन्हात तो खराब होतो. घरी हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढावा. जे उमऱ्याला किंवा परदेशी नातेवाइकांकडे जाणार आहेत त्यांनी रोल कधीही विमानात चढवायच्या मोठ्या बॅगेत टाकू नये. तिथली एक्स-रे तपासणी जोरदार असते, रोलवर डाग पडतात. हातातल्या पिशवीत पारदर्शक डबीत ठेवावा आणि तपासणीच्या ठिकाणी हाताने तपासायची विनंती करावी.

छत्तीसपैकी एकतीस फोटो चांगले आले. दोन हलले, दोन फारच काळे, एकात टांगेवाल्याचा चाबूक मध्ये आला. अम्मींचे दोन्ही फोटो स्वच्छ आहेत. त्यांतला एक त्यांनी अब्बांच्या फोटोशेजारी डब्यात ठेवला. दुसरा आम्ही मागितला, तर म्हणाल्या की तो मोठ्या मुलीकडे जाईल. जुम्मा मशिदीतल्या बुजुर्गांचा फोटो मुलीने जाड पुठ्ठ्यात घालून रजिस्टर पोस्टाने पाठवला. महिन्याभराने त्यांच्या नातवाचं पोस्टकार्ड आलं, उर्दूत चार ओळींचं: फोटो पोहोचला, दादा सगळ्या मोहल्ल्याला दाखवतात, पुढच्या वेळी जेवायला या.

पुढच्या सुट्टीत बीदरला जायचा विचार आहे. महमूद गवानच्या मदरशाच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांचं जे काम उरलं आहे, ते काळ्या-पांढऱ्यात घेण्यात अर्थ नाही. म्हणून या वेळी रंगीत रोल आणला आहे. तो फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवला आहे, आणि मुलाने पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: खाऊ नये.